मामींचं पित्त आणि पुलाचा हीटर

सदराकडे आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"नमस्कार. लोणावळ्यात तुंगार्लीला आमचा छोटा बंगला आहे, शनिवार-रविवार भाड्याने देतो. पूल आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी खोली सव्वा मीटर. डिसेंबर-जानेवारीत पाणी इतकं गार असतं की पाहुणे पाय बुडवून परत फिरतात. आमच्या ठेकेदाराने एक वापरलेला गॅस हीटर आणलाय, चार लाख बीटीयूचा. मुंबईत तो पाइपच्या गॅसवर चालत होता, आपण सिलिंडरवर चालवू म्हणतो. पंप रूम पुलाशेजारी जमिनीखाली आहे, दहा फूट बाय आठ फूट, सात पायऱ्या उतरून जावं लागतं. हीटर आणि चार सिलिंडर तिथेच ठेवले की बाहेर काही दिसणार नाही, असं ह्यांचं म्हणणं. पंप रूमच्या डोक्यावरच केअरटेकर मामांची खोली आहे. मामा, मामी आणि त्यांची दहावीतली मुलगी तिथे राहतात. हे सगळं बरोबर आहे ना? आणि हीटर वापरताना काय काळजी घ्यायची?
एक वाचक, पुणे
ता. क. मागच्या शनिवारी ठेकेदाराने हीटर तासभर चालवून दाखवला. गरम पाणी आलं. मामींचं मात्र त्या दुपारी डोकं फार दुखलं, उलटीही झाली. पित्ताने असेल."

ताई,

तुमचं ता. क. मी दोनदा वाचलं आणि फोन उचलला. फोनवर जे बोललो तेच आधी लिहितो, कारण असे बंगले आता कर्जत, अलिबाग, पाचगणी सगळीकडे झालेत आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी पंप रूमच्या आसपास कुणाची तरी चूल आणि अंथरूण असतं. तो हीटर पुन्हा पेटवू नका. "फक्त दहा मिनिटं बघू" म्हणूनही नाही. सिलिंडरचे रेग्युलेटर काढून टोप्या लावा आणि सिलिंडर आजच त्या खड्ड्यातून वर काढून मोकळ्या हवेत उभे करा.

मी डॉक्टर नाही. मी तीसेक वर्षं हॉटेलांच्या आणि वसतिगृहांच्या गरम पाण्याची कामं केली आहेत. पण डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, हातापायांतलं बळ जाणं ही पित्ताची लक्षणं जशी आहेत, तशीच ती कार्बन मोनॉक्साइडचीही आहेत. इतकी तशीच, की आपल्याकडे पहिला संशय कायम पित्तावर किंवा उपाशीपोटी घेतलेल्या चहावर जातो. एक खूण मात्र वेगळी असते. माणूस उघड्यावर गेला की बरं वाटायला लागतं. फोनवर तुम्ही मामींना विचारून सांगितलंत की संध्याकाळी अंगणात तांदूळ निवडत बसल्यावर उतार पडला. मुलगी तेव्हा क्लासला होती, मामा पुलापाशी ठेकेदाराबरोबर. खोलीत एकट्या मामी होत्या, दार लोटून. त्याच शनिवारी हीटर रात्री चालवला असता आणि तिघं झोपलेले असते तर, हा विचार माझ्या मनातून जात नाहीये.

हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. गॅस पुरेशा हवेविना जळाला की तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. हवेच्या दहा हजार भागांत चार भाग मिसळले तरी तास-दोन तासांत कपाळ ठणकायला लागतं. आणि कोविडपासून घरोघरी जो बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे, त्याच्यावर इथे विसंबू नका. ऑक्सिजन चिकटलेलं रक्त आणि हा वायू चिकटलेलं रक्त यांतला फरक त्या चिमट्याला कळत नाही. माणूस गुदमरत असताना तो खुशाल ९८ दाखवतो. मामींना डॉक्टरांकडे न्याच. आठवडा उलटल्यामुळे रक्तात आता काही सापडणार नाही, पण "खालच्या खोलीत गॅसचा हीटर चालू होता" हे पहिलं वाक्य म्हणून सांगा, पित्ताच्या गोळ्या मागण्याआधी.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात बून नावाचं डोंगरातलं गाव आहे. २०१३ सालच्या एप्रिलमध्ये तिथल्या एका हॉटेलातल्या एका खोलीत एक वृद्ध जोडपं मरण पावलेलं आढळलं. कारण लगेच कळलं नाही. वयस्कर माणसं, काहीतरी झालं असेल. जूनमध्ये तीच खोली पुन्हा दिली गेली आणि तिथे एक अकरा वर्षांचा मुलगा दगावला, त्याची आई जेमतेम वाचली. मग शोध लागला. खोलीच्या बरोबर खाली हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाचा हीटर होता. त्याचा धूर बाहेर नेणारा पाइप गंजून त्याला भोकं पडली होती. तो हीटर मूळचा प्रोपेनवर चालणारा, नंतर पाइपच्या गॅसवर वळवलेला. खोलीत धोक्याची घंटा देणारं कोणतंही यंत्र नव्हतं. तुमचं पत्र आणि ही हकीकत शेजारी ठेवून बघा: खाली हीटर, वर माणसं, गॅस बदललेला, आणि पहिल्या इशाऱ्याचं कारण भलतंच धरलेलं. १९७७ साली ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलेला टेनिसपटू व्हिटास गेरुलायटिस १९९४ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर एका मित्राच्या बंगल्यातल्या पाहुण्यांच्या घरात झोपला आणि उठला नाही. तिथेही पुलाच्या हीटरचा धूर आत शिरला होता. वय ४० होतं.

आता तुमच्या पंप रूमकडे येऊ. बीटीयू हे हीटरची ताकद, म्हणजे तासाभराची उष्णता, मोजायचं माप. चार लाख बीटीयू हा आकडा मोठा वाटतो, पण त्याचा अर्थ ठेकेदाराने तुम्हाला उलगडून सांगितला नाही. असा हीटर पूर्ण ताकदीवर तासाला सुमारे नऊ किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते, म्हणजे तासाला एकशे पंधरा घनमीटरच्या घरात. तुमची पंप रूम सात फूट उंच धरली तर सोळा घनमीटरची आहे. म्हणजे ती अख्खी खोली हीटर सात-आठ मिनिटांत पिऊन टाकतो. त्यानंतर त्याला पायऱ्यांवरून जेवढी हवा खाली येईल तेवढ्यावर भागवावं लागतं, आणि ती अपुरी पडली की ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि तो वायू बनायला लागतो. गरम धूर वर चढतो. वर काय आहे ते तुम्हीच लिहिलं आहे.

एवढ्यावर भागत नाही. गळती झाली तर नेमकं उलटं घडतं. मुंबईचा पाइपमधला गॅस हवेपेक्षा हलका असतो, निसटला तर वर जाऊन पसरतो. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. तो पाण्यासारखा उतार शोधत खाली जातो आणि खड्ड्यात साचून राहतो. हवेत साधारण दोन टक्के एलपीजी मिसळला की ठिणगीने पेट घेतो. तुमच्या खोलीच्या मापाने पाऊण किलो गॅस त्याला पुरे आहे, आणि तो तळाशी साचणार असल्याने त्याहून कमीही. ठिणगी कुठून येईल? पंपाच्या मोटरीचा स्टार्टर तिथेच आहे ना.

एका डोंगरातल्या हॉटेलात मी अशाच तळघरातल्या पंप रूममध्ये गेलो होतो. दारात उभा राहिलो, काही वास नाही. दोन पायऱ्या उतरलो, तरी नाही. फिल्टरखालचा कॉक बघायला म्हणून उकिडवा बसलो आणि नाकात तो कुजकट वास एकदम भरला, जणू कुणी गॅसच्या ओट्यावर नाक टेकवलं. उभ्या माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत गॅस भरलेला होता आणि वर स्वच्छ हवा. माझ्याबरोबरच्या पोऱ्याचा हात बॅटरीच्या बटणावर होता. मी त्याचा हात धरून त्याला तसाच वर घेऊन आलो. तेव्हापासून मी एकच नियम धरला: एलपीजीची कोणतीही वस्तू जमिनीच्या पातळीखाली नाही. मालक कितीही म्हणो की बाहेर वाईट दिसतं. दिसण्याचा प्रश्न बांबूच्या तट्ट्याने सुटतो, ज्यातून वारा आरपार जातो.

म्हणून जागा बदला. पंप आणि फिल्टर खाली राहू देत, हीटर वर येईल, उघड्यावर, एका सिमेंटच्या ओट्यावर. तुमच्या भागातला पाऊस लक्षात घेता ओटा चांगला फूटभर उंच घ्या, नाहीतर जुलैत बर्नरच्या तळात पाणी उभं राहील. हीटर उघड्यावर बसवण्याच्याच जातीचा हवा, आतल्या जातीच्या हीटरवर पत्रा टाकून काम भागवायचं नाही. खिडकी, दार, झरोका यांपासून किती अंतर हवं ते हीटरच्या पुस्तिकेत असतं. बऱ्याच पुस्तिका चार फूट म्हणतात. मी त्याला किमान मानतो आणि माणसं झोपतात त्या खोलीपासून दहा फुटांच्या आत कधी बसवत नाही. दोन बाजूंनी भिंत आणि वर छप्पर अशा कोपऱ्यातही नको, तिथे धूर घोटाळतो. बसवण्याआधी एक साधी परीक्षा करा. जागेवर उदबत्ती पेटवून धरा, सकाळी, दुपारी आणि रात्री दहा वाजता. धूर मामांच्या खिडकीकडे वळत असेल तर जागा चुकली. रात्रीची परीक्षा टाळू नका. लोणावळ्यात रात्रीचा वारा दिवसासारखा वाहत नाही आणि हीटर चालणार तो थंडीतच.

त्या जुन्या हीटरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: परत पाठवा. पाइपच्या गॅसच्या हीटरमधले नॉझल मोठ्या भोकाचे असतात, कारण तो गॅस घनमीटरमागे कमी उष्णता देतो. एलपीजी त्याच्या सुमारे अडीच पट उष्णता देतो. त्याच भोकांतून एलपीजी सोडला की बर्नरवर कितीतरी अधिक आग येते आणि हवा तेवढीच राहते. कंपनीचा रूपांतराचा संच असतो, त्यात नॉझल, गॅस व्हॉल्व्हचे भाग, हीटरवर चिकटवायची नवी पट्टी असं सगळं येतं आणि ते काम कंपनीच्या माणसानेच करायचं असतं. ठेकेदार "ड्रिलने ॲडजस्ट करतो" किंवा "रेग्युलेटर थोडा पिळला की झालं" म्हणाला असेल तर त्याला चहा पाजून निरोप द्या. शिवाय त्या हीटरच्या आतलं तांबं किती झिजलंय हे बाहेरून कळत नाही.

आणि तो चार सिलिंडरांवर चालणारही नाही, हे तर त्याने तुम्हाला सांगायलाच हवं होतं असं मला वाटतं. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. त्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती तो सिलिंडरच्या पत्र्यातून, म्हणजे बाहेरच्या हवेतून घेतो. सतत जळत असताना एकोणीस किलोच्या एका सिलिंडरमधून थंडीत तासाला अर्धा ते एक किलोच वायू निघतो. तुम्हाला हवेत नऊ. मग काय होतं? सिलिंडरवर दव धरतं, मग पांढरा बर्फ, ज्योत मंदावते. आणि मग कुणीतरी शहाणा सिलिंडर आडवा करतो किंवा उकळत्या पाण्याच्या घमेल्यात उभा करतो. लग्नाच्या मांडवात तुम्ही हे पाहिलं असेल. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये जातो आणि एका थेंबाची शेकडो पट वाफ बर्नरवर येते. मामांना ही गोष्ट स्वतः समजावून सांगा, कारण रात्री अकरा वाजता पाहुणा "पाणी तापत नाही" म्हणून ओरडेल तेव्हा सिलिंडरपाशी तेच उभे असतील.

मग किती मोठा हीटर हवा? तुमच्या पुलात चाळीस हजार लिटर पाणी आहे. ते एक अंशाने तापवायला साधारण साडेसेहेचाळीस युनिट (विजेच्या मीटरवरचं तेच युनिट) उष्णता लागते, म्हणजे हीटरची तूट धरून जवळपास साडेचार किलो गॅस. वीस अंशांवरून अठ्ठावीसवर न्यायचं तर पस्तीस किलो, आणि तापत असताना जी उष्णता उडते ती धरून तीन सिलिंडर मोजा. हे एका शनिवार-रविवारचं. आजच्या व्यावसायिक सिलिंडरच्या भावाने स्वतः गुणाकार करा. घरगुती लाल सिलिंडर इथे वापरणं बेकायदा आहे, तो मोह नको. गॅस सिलिंडर नियमांप्रमाणे शंभर किलोपर्यंत एलपीजी परवान्याशिवाय ठेवता येतो, त्यापुढे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोचा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, परवाना लागतो. एकोणीस किलोचे पाच म्हणजे पंच्याण्णव किलो. त्या पाचांतून थंडीतही सुखाने निघेल असा गॅस तासाला तीन किलो धरला तर तुमचा हीटर चार लाखांचा नाही, सव्वा लाख बीटीयूच्या आसपासचा हवा. तो अंशाला दीड तास घेईल. शुक्रवारी सकाळी सुरू केला तर रात्रीपर्यंत पाणी तयार.

इथे थांबून एक गोष्ट बोलायला हवी, कारण तुम्ही विचारली नसली तरी माझ्या घरची असतीत तर मी हीच आधी बोललो असतो. गॅसचा हीटरच हवा का? त्याचा फायदा एकच, थंड पाणी झटपट तापतं. तुमच्याकडे झटपट तापवायला पुरेसा गॅसच एका वेळी निघणार नाही. विजेवरचा हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो आणि एका युनिट विजेत चार-पाच युनिट उष्णता देतो. तुमच्या पुलाला अंशामागे नऊ ते बारा युनिट वीज. पहिला खर्च जास्त, पण धूर नाही, सिलिंडर नाही, आणि दिवसा ऊन असताना चालवला की काम चांगलं करतो. माझा कौल त्याला आहे. ह्यांच्याशी बोलून बघा. दिसायलाही तो एका मोठ्या एसीच्या डब्यासारखा दिसतो.

त्याच्याही आधी आच्छादन घ्या. पुलाची सत्तर टक्क्यांच्या आसपास उष्णता वरच्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होऊन उडते त्यातून जाते. बुडबुड्यांच्या प्लास्टिकचं निळं कव्हर रात्रभर टाकलं की निम्म्याहून जास्त खर्च वाचतो. फक्त पाण्यात कुणी उतरण्याआधी ते पूर्ण गुंडाळून बाजूला काढायचं. अर्धं कव्हर टाकून अर्ध्यात मुलं खेळतायत हे चित्र मला बघवत नाही, मूल त्याच्याखाली सरकलं तर वरून दिसतही नाही.

तरीही गॅसच ठरला, तर पुढचं.

सिलिंडर हीटरच्या शेजारी नकोत. जमिनीवर, उभे, साखळीने बांधलेले, सावलीत, आणि जवळपास गटाराची जाळी, चेंबर, पंप रूमच्या पायऱ्या किंवा विजेचा बोर्ड नसेल अशा जागी. पायऱ्यांचं तोंड उताराच्या बाजूला असेल तर अंतर आणखी वाढवा. जोडणी गॅस कंपनीच्या मान्यताप्राप्त फिटरकडूनच. सिलिंडरपासून मॅनिफोल्डपर्यंत (सगळे सिलिंडर ज्या एका पाइपला जोडतात तो) पिगटेल, म्हणजे जोडणीची आखूड नळी, पुढे पोलादी पाइप, हीटरच्या आधी हाताशी येईल असा कॉक. कंपनी सांगते त्याच दाबाचा रेग्युलेटर. काम झालं की तुमच्यासमोर प्रत्येक जोडावर साबणाचा दाट फेस ब्रशने लावायला सांगा आणि स्वतः वाकून बघा. मोठी गळती फुगा करते, तो कुणालाही दिसतो. लहान गळतीत फेसाच्या कडेला मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत राहतात, मुंगीने वारूळातून माती काढावी तसे. त्यासाठी मिनिटभर एका जोडाकडे टक लावून थांबावं लागतं. फिटर घाईत असतो, तुम्ही असू नका. काडी पेटवून गळती बघणारा माणूस दिसला तर त्याला तिथून हाकला.

पाण्याच्या बाजूला एवढंच: पंप, मग फिल्टर, मग हीटर, मग एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, आणि क्लोरीनचा डोस सगळ्यांत शेवटी. पंप बंद झाल्यावर तीव्र क्लोरीन उलटं हीटरमध्ये आलं तर आतलं तांबं वर्षभरात चाळणी होतं. हीटरच्या तोंडाशी पहिले तीन-चार फूट धातूचा पाइप, थेट पीव्हीसी नाही. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ मध्ये राखा. टीसीसीएचा (पुलात टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या किंवा पावडर) डबा आणि ॲसिडचा कॅन हीटरजवळ ठेवू नका, त्यांची वाफ बर्नर खाते. आणि ते दोन एकमेकांजवळही ठेवू नका, मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. विजेला अर्थिंग आणि ३० मिलीॲम्पिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. पाणी, धातू आणि ओली माणसं एकत्र आहेत, यात काटकसर नको.

फ्लो स्विचबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण मी तो सर्वांत जास्त वेळा बिघडवलेला पाहिला आहे. पाणी वाहत नसेल तर हीटर पेटू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. फिल्टर तुंबला की पाणी मंदावतं, स्विच हीटर बंद करतो, पाहुणे तक्रार करतात, इलेक्ट्रिशियन येतो आणि दोन टर्मिनलमध्ये वायरचा तुकडा टाकून लूप मारतो. हीटर लगेच चालू होतो, सगळे खूश. त्या वायरीनंतर हीटरमध्ये पाणी नसलं तरी आग पेटते, पाण्याची वाफ होते आणि पाइप फाटतात. सर्व्हिसच्या वेळी झाकण काढायला लावून तुमच्या मोबाइलने आतला फोटो घ्या. दोन टर्मिनलांमध्ये बोटभर लांबीची सुटी वायर दिसली तर हीटर बंद. स्विच वारंवार पडत असेल तर आधी फिल्टर बॅकवॉश करा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून धुवा, बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आधी, हीटर उघडून साफ करून घ्या. बर्नरच्या तोंडात कोळ्यांची जाळी, गांधीलमाशीची मातीची घरटी, पाल, हे सगळं हमखास सापडतं. गॅसला जो वास घातलेला असतो तो कोळ्यांना आवडतो असं जुने फिटर सांगतात. कारण काही असो, जाळी मात्र मी दरवर्षी काढली आहेत. एका बर्नरचं तोंड अर्धं बुजलं तरी ज्योत बिघडते. ज्योत निळी, आखूड आणि स्थिर हवी. पिवळी, उंच, डुलणारी ज्योत किंवा हीटरच्या डोक्यावर काळा डाग दिसला तर त्या दिवशी पूल थंडच राहील.

मामांच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, हीटर कितीही लांब नेलात तरी. विकत घेताना फसायला होतं म्हणून सांगतो: स्वयंपाकघरासाठी जो "गॅस डिटेक्टर" मिळतो तो एलपीजीची गळती ओळखतो आणि जमिनीपासून वीतभर वर लावतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, तो झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला लावतात. डब्यावर काय छापलंय ते वाचून घ्या. मागे मुदतीची तारीख असते, ती उलटली की यंत्र बदलायचं. महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज घेणं हे मुलीकडे द्या, दहावीतली मुलं असली कामं मोठ्यांपेक्षा चोख करतात.

मामांसाठी एक पाटी करा, मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि हीटरजवळ लावा. आधी पंप, मग हीटर. बंद करताना आधी हीटर, मग दहा मिनिटं पंप तसाच चालू, म्हणजे आतली उष्णता पाण्याबरोबर निघून जाईल. पेटला नाही तर पाच मिनिटं थांबून एकदाच पुन्हा प्रयत्न, दुसऱ्यांदाही नाही पेटला तर सिलिंडर बंद. तोंड जवळ नेऊन आत डोकावायचं नाही. आच्छादन काढल्याशिवाय कुणालाही पाण्यात उतरू द्यायचं नाही. तापमान २९ वर कुलूपबंद, पाहुण्याने कितीही विनवलं तरी. गॅसचा वास आला तर कोणतंही बटण चालू किंवा बंद करायचं नाही, सिलिंडर बंद करता आला तर करायचा, सगळ्यांनी चढाच्या बाजूला जायचं, आणि तिथून १९०६ वर फोन. खाली पंप रूममध्ये कुणीही उतरायचं नाही, वस्तू राहिली असली तरी. अलार्म वाजला किंवा दोघांना एकदम डोकेदुखी झाली तर दारं उघडून बाहेर, आणि १०८.

ह्यांना माझ्यातर्फे एक विनंती करा. या रविवारी दोघं मिळून बंगल्यावर जा. कागदावर पुलाचा, पंप रूमच्या पायऱ्यांचा आणि मामांच्या खोलीचा नकाशा हाताने काढा, पावलांनी अंतरं मोजून. जमिनीचा उतार कुठे आहे तो बाणाने दाखवा. मामांच्या खोलीला खिडक्या किती, कोणत्या बाजूला उघडतात आणि मामींची खाट कोणत्या खिडकीखाली आहे तेही त्यावर लिहा. तो कागद मला पाठवा. हीटर घ्या किंवा हीट पंप, ओटा कुठे बांधायचा ते त्या खाटेपासून मोजायला सुरुवात करून ठरवू.